बाईंची झडती

आमच्या बाई मुलांना 'अहो' म्हणत आणि मुलांच्या बापांना 'अरे'. शाळेत नव्यानं आलेल्याला वाटायचं, बाईंचं काहीतरी उलटंपालटं झालंय. पण त्यांचा हिशेब सरळ होता. "ह्यांची-माझी ओळख अजून व्हायचीय," आम्हा पोरांकडे हात करून त्या म्हणायच्या, "अनोळखी माणसाला अरेतुरे करायची आमच्या घरी पद्धत नाही. आणि ह्याला," म्हणजे समोर टोपी काढून उभ्या असलेल्या एखाद्या हेडक्लार्कला, "ह्याला मी नाक पुसायला शिकवलंय. ह्याला काय अहो म्हणू?" परळच्या आमच्या शाळेत त्या इतकी वर्षं चौथीला शिकवत होत्या की निम्म्या वर्गाचे बाप त्यांच्या हाताखालून गेले होते. त्यांत माझे वडीलही होते. आम्ही त्यांना नाना म्हणायचो.

बाई गिरगावात एका खोलीत एकट्या राहायच्या आणि ट्राममधून शाळेत यायच्या. पांढरं सुती पातळ, पायांत कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेली शिट्टी. शिट्टी हेच बाईंचं मंगळसूत्र, असं आमच्या चाळीतल्या बायका म्हणायच्या. हे कुणीतरी बाईंच्या कानावर घातलं. बाई रागावल्या नाहीत. "खरंय की," म्हणाल्या, "पण माझं वाजवलं की पन्नास माणसं धावत येतात. त्यांना म्हणावं, तुमचं वाजवून बघा." झंपरला आतल्या बाजूनं त्यांनी एक खिसा शिवून घेतला होता आणि त्यात कायम भाजलेले शेंगदाणे असायचे. एखाद्याचं उत्तर बरोबर आलं की त्याच्या तळहातावर एक शेंगदाणा पडायचा. चुकलं की बाई तोच शेंगदाणा त्याच्या डोळ्यांदेखत स्वतः खायच्या. छडीपेक्षा हे फार लागायचं.

तो संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा काळ. मुंबई कुणाची, ह्यावरून मोर्चे, सभा, लाठ्या, गोळ्या सगळं होऊन गेलं होतं आणि वर द्वैभाषिक राज्य आलं होतं. आम्ही पोरं लगोरी खेळतानासुद्धा "झालाच पाहिजे" ओरडायचो. बाई भूगोल शिकवायच्या. नकाशात नद्या निळ्या शाईनं, डोंगर तपकिरी खडूनं, पण राज्याची सीमा मात्र त्या आम्हाला पेन्सिलीनं काढायला लावायच्या. तीही हलक्या हातानं. शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी विचारलं, "हे काय? सीमा शाईनं का नाही?" बाई म्हणाल्या, "साहेब, अजून ठरायचंय. मुलांच्या वह्या उगाच खराब होतील." साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हसू दाबत पुढच्या वर्गात गेले. त्यांचंही बरोबरच होतं, साहेब झाले तरी मूळचे बेळगावचे होते.

पण बाई खऱ्या ओळखल्या जायच्या त्या नाताळच्या सुट्टीतल्या सहलीसाठी. चौथीच्या मुलांची आणि पालकांची ही सहल असायची. प्रत्येक मुलामागं आई नाहीतर बाप, यांपैकी एक जण पाहिजेच. कुठल्यातरी नदीकाठी तंबू ठोकायचे, तिथंच रांधायचं, तिथंच झोपायचं. ह्यात विशेष काही नाही म्हणाल तुम्ही. विशेष होतं ते सामान बांधण्यात.

बाईंचा नियम असा, की मुलाची वळकटी पालकानं बांधायची आणि पालकाची मुलानं. एकमेकांच्या सामानात डोकावायचं नाही. "स्वतःला काय लागतं ते गाढवालाही कळतं," बाई म्हणायच्या. "आपल्या माणसाला काय लागतं ते ओळखून दाखवा. मग मी तुम्हाला घेऊन जाते." म्हणून निघायच्या आदल्या शनिवारी शाळेच्या मोठ्या वर्गात सतरंज्या अंथरून सगळ्यांच्या वळकट्या सोडल्या जायच्या. ह्याला बाईंनी नाव दिलं होतं झडती. चळवळीत पोलिसांनी काहीजणांच्या घरांच्या खऱ्याच झडत्या घेतल्या होत्या, त्यामुळं तो शब्द ऐकून बापमंडळी आधी दचकायची आणि मग हसत सुटायची.

आम्ही खालच्या वर्गांतली पोरं ही झडती खिडकीच्या गजांना लटकून बघायचो. वर्षातली ती सगळ्यांत मोठी करमणूक होती. बाई शिट्टी वाजवून म्हणायच्या, "सोडा!" मग एकेका सतरंजीपुढं उकिडव्या बसायच्या, एकेक वस्तू वर धरायच्या आणि बांधणाऱ्याला एकच प्रश्न विचारायच्या.

"ही कोणती भीती?"

सामान म्हणजे भीती, असं बाईंचं म्हणणं. माणूस ज्याला ज्याला भितो ते ते वळकटीत भरतो. लागणारी वस्तू निराळी, भीतीची वस्तू निराळी. भीतीची असेल तर भीतीचं नाव सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायचं आणि वस्तू घरी परत पाठवायची. मी चौथीत होते त्या वर्षीच्या झडतीला विमा कंपनीतले एक भारदस्त गृहस्थ होते. त्यांनी मुलाच्या वळकटीत पितळी कुलूप आणि साखळी भरली होती.

"ही कोणती भीती रे?"

"चोरांची, बाई."

"तंबूला कडी कुठं असते?"

गृहस्थांनी कुलूप-साखळी उचलून बाजूला ठेवली. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्या एकानं विंचवाचं औषध, सापाचं औषध, खरजेचं औषध आणि वर एरंडेल आणलं होतं. बाई म्हणाल्या, "एवढं सगळं पोराला झालं तर औषध कशाला, थेट देवालाच बोलवू." टमरेल मात्र प्रत्येक वळकटीत असायचं. बाईंनी सगळी टमरेलं ओळीनं मांडली आणि गंभीरपणे सांगितलं, "ही भीती नाही, ही गरज आहे. पण चार ठेवा. सगळ्यांना एकदम लागत नाही." खिडकीतली पोरं हसून हसून खाली पडली.

आमच्याच वर्गात नायगावच्या बी. डी. डी. चाळीतून येणारा एक मुलगा होता. वडिलांना गिरणीत रजा नव्हती म्हणून त्याची आई येणार होती. त्यानं आईच्या वळकटीत लुगडं, चादर आणि तवा बांधला होता. बाईंनी तवा हातात घेतला. "हा कशाला हो?" त्याला प्रश्नच कळला नाही. "आईला लागतो ना," तो म्हणाला. त्यानं आईला तव्याशिवाय कधी पाहिलंच नव्हतं. बाईंनी तो तवा तसाच नेला आणि विमा कंपनीतल्या गृहस्थांच्या सतरंजीवर ठेवला. "सहलीत भाकऱ्या तू भाजायच्यास. ह्यांच्या आईला दोन दिवस तव्याशिवाय बघू दे ह्यांना." त्याची आई पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढं ती दर वर्षी नुसती झडती बघायला येऊन बसायची.

बाईंची स्वतःची खाकी पिशवी कुणीही तपासावी अशी उघडी असायची. एक पातळ, एक पंचा, सुईदोरा, शेंगदाण्यांचा डबा आणि आणखी एक शिट्टी. एकदा कुणीतरी धीर करून ती दुसरी शिट्टी वर धरली. "बाई, ही कोणती भीती?" बाई म्हणाल्या, "पहिली हरवली तर तुमच्यातलं कुणी माझं ऐकणार नाही, ही." आणि शिट्टी काढून त्यांनी शाळेच्या शिपायाकडं घरी न्यायला दिली. नियम म्हणजे नियम. पुढं त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोपसमारंभात सगळ्यांनी वर्गणी काढून त्यांना एक मोठी चामड्याची सुटकेस दिली. बाईंनी ती उघडून पाहिली, आत हात फिरवला आणि भाषणात एवढंच म्हणाल्या, "छान आहे. पण एवढी भीती मी आता ह्या वयात आणू कुठून?"

तर मी चौथीत गेले आणि माझी पाळी आली. आणि नाना म्हणाले, नाही.

नानांचं असं का झालं होतं ते सांगायला हवं. मी दुसरीत असताना ते मला घेऊन हिंदमाताला परकराचं कापड घ्यायला गेले होते. कापड पसंत करून आम्ही बाहेर पडलो तोच दादरच्या बाजूनं मोर्चा आला. कुठूनतरी दगड आले, मग पोलीस आले, अश्रुधूर सुटला आणि लोक वाट फुटेल तिकडं पळाले. त्या रेट्यात नानांच्या हातातून माझा हात सुटला. मला एका दुकानदारानं कापडाच्या पुडक्यासकट आत ओढलं आणि दुकानाच्या फळ्या लावून घेतल्या. खरं सांगायचं तर माझी ती दुपार फार मजेत गेली. ताग्यांच्या ढिगावर बसून मी खडीसाखर खाल्ली, दुकानदाराच्या म्हाताऱ्या आईनं मला चिंध्यांची बाहुली करून दिली. नाना मात्र संध्याकाळपर्यंत रस्त्यारस्त्यानं माझं नाव घेत फिरत होते. ते केईएमला जाऊन आले. तिथं चादर वर करून त्यांनी काय काय पाहिलं, ते त्यांनी आईलासुद्धा कधी सांगितलं नाही. दिवेलागणीला दुकानदार मला चाळीत पोचवायला आला तेव्हा नाना जिन्याच्या पायरीवर बसले होते. मी बाहुली दाखवली. त्यांनी माझं मनगट धरलं, ते जेवायच्या वेळेपर्यंत सोडलं नाही.

खरं म्हणजे त्यानंतर दोन वर्षं सोडलं नाही. शाळा हाकेच्या अंतरावर, तरी सोडायला नाना, आणायला आई. रस्ता ओलांडायचा तर मनगट. गणपतीत मनगट. चाळीच्या फाटकाबाहेर लगोरी खेळायची सोय नाही. कचेरीतून आले की नाना आधी गॅलरीतून मला मोजायचे, म्हणजे एकटीच होते मी, पण मोजल्यासारखंच बघायचे, आणि मग टोपी काढायचे. मला राग यायचा आणि त्यांची दयाही यायची. सहलीला मात्र मला जायचंच होतं. त्यासाठी मी दोन दिवस रडून पाहिलं, एक दिवस अबोला धरून पाहिला. नाना म्हणायचे, "दिवस बरे नाहीत."

मग एका रविवारी बाई आमच्या चाळीत आल्या. कॅनव्हासचे बूट बाहेर काढून आत आल्या आणि खुर्ची सोडून उंबऱ्याजवळच्या पाटावर बसल्या. नाना घाईघाईनं सदऱ्याची बटणं लावत उभे राहिले.

"काय रे, कधी निघतोयस?"

"बाई, कचेरीत फार काम आहे."

"मी कचेरीचं कुठं विचारलं?"

"दिवस बरे नाहीत, बाई."

"तू चौथीत होतास तेव्हा तरी कुठं बरे होते? तेव्हा इंग्रज होता. तरी तू शाळेच्या गच्चीच्या कठड्यावरून चालत होतास." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "ऐकलंत का हो? कठड्यावरून. दोन्ही हात पसरून. आणि चौपाटीला ह्याला पाण्याबाहेर काढायला मला दोन शिट्ट्या मारायला लागायच्या."

मी नानांकडं बघतच राहिले. नाना आणि कठडा? नाना आणि पाणी? आई आतून चहा घेऊन आली, तिच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. "होय गो," ती मला म्हणाली, "लग्नात मालवणास गेलेले, तेव्हा पण खाडीत उडी मारल्यानी. वऱ्हाड सगळा काठावर उभा."

नाना लाजले. मी त्यांना लाजताना पहिल्यांदाच पाहिलं. बाईंनी खिशातून एक शेंगदाणा काढला आणि नानांच्या समोर धरला. "येतोस?" आणि सरकारी कचेरीत टायपिस्टांना दम भरणाऱ्या माझ्या बापानं तळहात पुढं केला आणि चौथीतल्या आवाजात म्हणाला, "हो, बाई."

जाताना बाईंनी मला जिन्यापर्यंत पोचवायला बोलावलं आणि हळूच सांगितलं, "नानांचं सामान तुम्ही बांधायचंय ना? ट्रंकेच्या तळाशी त्याची पोहायची चड्डी असेल. शोधा." मी शोधली. डांबरगोळ्यांच्या वासाची, निळी, एका बाजूनं कसरीनं खाल्लेली. आईनं ठिगळ लावून दिलं आणि मी ती नानांच्या धोतराच्या घडीत लपवली.

नाना माझी वळकटी बांधत होते तेव्हा मात्र दार लावून घेत. आठवडाभर आतून कातरीचा आवाज यायचा. आई विचारायची, "इतका काय चाललासा?" नाना म्हणायचे, "झडतीत बघा."

झडतीच्या दिवशी माझी वळकटी सगळ्यांत फुगलेली होती. बाईंनी दोरी सोडली. कानटोपी निघाली, आणखी एक कानटोपी निघाली. दोन स्वेटर, काढ्याची बाटली, टॉर्च. नाना एकेक भीती मान खाली घालून सांगत होते. सर्दीची. जास्त सर्दीची. अंधाराची. मंडळींना मजा येत होती. मग बाईंनी माझा फ्रॉक उचलला आणि कॉलर उलटली. आत पांढरी पट्टी शिवलेली होती. तिच्यावर धोब्याच्या न पुसणाऱ्या शाईनं, नानांच्या वळणदार अक्षरात माझं नाव, नानांचं नाव, चाळीचं नाव, खोलीचा नंबर. दुसऱ्या फ्रॉकला तेच. परकराला, पेटीकोटाला, रुमालाला तेच. चपलेच्या आतसुद्धा. बाईंनी प्रत्येक पट्टी वाचली आणि कपडा पुन्हा नीट घडी घालून ठेवला. ह्या वेळी त्यांनी प्रश्न विचारला नाही.

सगळ्यांत तळाशी एक नाडी होती. परकराची असते तशी, पण लांबलचक, दोन नाड्या जोडून केलेली. बाईंनी ती वर धरली.

"आणि ही?"

नाना अगदी हळू म्हणाले, "झोपताना एक टोक हिच्या हाताला बांधीन म्हणतो. दुसरं माझ्या. तंबूला दार नसतं. उठून कुठं गेली, तर मला कळेल."

वर्ग असा हसला की बाहेर कबुतरं उडाली. विमा कंपनीवाले तर मांड्यांवर थापा मारत होते. "बैल बांधतोस का काय रे!" मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी नाडीची गुंडाळी केली आणि माझ्या वळकटीत परत ठेवली. कानटोप्या, काढा, टॉर्च सगळं बाजूला गेलं. नाडी राहिली.

"बाई, हे बरंय!" विमा कंपनीवाले उठूनच उभे राहिले. "आमचं कुलूप काढलंत, ह्याची नाडी चालते होय?"

"खाली बस," बाई म्हणाल्या. "तुमच्या भीत्या ऐकीव आहेत रे. ह्याची बघितलेली आहे."

मग वर्गात कुणी हसलं नाही. तिथं बसलेल्या बऱ्याच जणांनी त्या दिवसांत काही ना काही पाहिलेलं होतं. बाईंनी लगेच शिट्टी वाजवली आणि नानांची वळकटी ओढली. "आता ह्यांनी बापाचं काय बांधलंय ते बघू." धोतराच्या घडीतून निळी चड्डी बाहेर पडली आणि पुन्हा सगळ्यांनी वर्ग डोक्यावर घेतला. नाना तिच्याकडं असे बघत होते, जणू ती दुसऱ्याच कुणाची असावी. "ही कोणती भीती हो?" बाईंनी मला विचारलं. मी म्हणाले, "ही भीती नाही. ही नानांची आहे." माझ्या हातावर त्या दिवशी मूठभर शेंगदाणे पडले.

एका गिरणीच्या कापडाच्या गाठी वाहणाऱ्या लॉरीतून आम्ही निघालो. पनवेलच्या पुढं नदीकाठी आंब्याखाली तंबू लागले. बापलोकांनी पिठलं केलं ते थोडं जळलं, विमा कंपनीवाल्यांच्या भाकऱ्यांचे नकाशे झाले आणि बाईंनी त्यावर आमचा भूगोल घेतला. कोणती भाकरी कोणता जिल्हा ते ओळखेल त्यालाच ती भाकरी. नायगावच्या त्या मुलाची आई झाडाला टेकून नुसती बसली होती आणि तिचा मुलगा तिला वाढत होता. झोपायच्या वेळी नानांनी नाडी काढली. त्यांनी ती माझ्या मनगटाला अगदी सैल बांधली, गाठ दोनदा तपासली आणि दुसरं टोक स्वतःच्या हाताला गुंडाळलं. मी रागानं पाठ फिरवून झोपले. पण खरं तर त्या अनोळखी जागेत मला ती नाडी बरी वाटत होती.

सकाळी जाग आली तेव्हा तंबूत ऊन आलं होतं. मी हात हलवला. नाडी सळसळत माझ्याकडं आली. दुसरं टोक मोकळं होतं.

नाना नव्हते.

मी तशीच उठले आणि मनगटाला लोंबकळणाऱ्या नाडीसकट बाहेर पळाले. चुलीजवळ नव्हते. लॉरीजवळ नव्हते. मला नानांची ती संध्याकाळ तेव्हा थोडी कळली. बाई नदीच्या काठावर एका दगडावर बसून शेंगदाणे खात होत्या. मी त्यांच्याकडं धावले.

"बाई, नाना हरवले!"

"हरवला नाही हो. तिथं आहे," बाईंनी बोट दाखवलं.

डोहाच्या पार मधोमध एक डोकं वर आलं, पाणी उडवलं, पुन्हा बुडलं. पलीकडच्या खडकावर चढून त्या माणसानं दोन्ही हात पसरले आणि आरोळी ठोकून उडी घेतली. बाकीचे बाप काठावर कुडकुडत उभे होते आणि ओरडत होते, "अरे बस कर, थंडीनं मरशील!" निळ्या चड्डीवर आईचं ठिगळ लांबूनही दिसत होतं.

"मला का नाही उठवलं?" मी रडत, हसत विचारलं.

"मी म्हटलं, उठव. तर म्हणाला, झोपू दे तिला, कुठं जाते ती." बाईंनी माझ्या हातावर शेंगदाणा ठेवला. मग शिट्टी तोंडात घेतली आणि जोरात वाजवली. नाना बाहेर आले नाहीत. बाईंनी दुसऱ्यांदा वाजवली तेव्हा आले.

परतताना त्या नाडीनं नानांनी दोन्ही वळकट्या एकत्र बांधल्या. लॉरीवाल्याला पुढं भायखळ्याला जायचं होतं, म्हणून त्यानं आम्हाला हिंदमाताच्या नाक्यावरच उतरवलं. संध्याकाळची वेळ. कापडाची दुकानं उघडी, गिरण्यांची पाळी सुटलेली, मधून ट्रामा खणखणत चाललेल्या. मी सवयीनं मनगट पुढं केलं. पण नानांच्या एका खांद्यावर वळकट्या होत्या, दुसऱ्या हातात शाळेचं पातेलं होतं आणि ते बाईंना सांगत होते, "बाई, पुढच्या वर्षी तंबू खडकाच्या बाजूला लावू या. तिथून उडी चांगली बसते." पुढच्या वर्षी मी पाचवीत, सहलीला जाणार कोण, हे त्यांच्या डोक्यातही नव्हतं.

माझं मनगट तसंच हवेत राहिलं. नानांनी एकदा माझ्याकडं पाहिलं.

"काय उभी राहिलीस? हो पुढं. आईला सांग, चहा टाक."

मी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, ट्राम जाऊ दिली आणि रस्ता ओलांडला. पलीकडं गेल्यावर वळून पाहिलं. बाई माझ्याकडं बघत होत्या. त्यांनी शिट्टी हातात धरली होती, पण वाजवली नाही. नाना बघत नव्हते. ते पातेलं खाली ठेवून दोन्ही हात पसरून बाईंना उडी कशी मारायची ते दाखवत होते. मी चाळीपर्यंत पळत गेले. वाटेत आणखी दोनदा वळून पाहिलं. तेव्हाही ते बघत नव्हते, आणि मला इतका आनंद झाला होता की चहाचा निरोप मी आईला रस्त्यावरूनच ओरडून सांगितला.